ज्येष्ठ नागरिक आणि पाळीव प्राण्यांचा सहवास

कुत्रा, मांजर, पक्षी, मासे यांसारख्या पाळीव प्राण्यांच्या सोबतीचा वृद्ध व्यक्तींच्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक जीवनावर होणारा परिणाम हा वार्धक्यशास्त्र, मानसशास्त्र, शुश्रूषा आणि पशुवैद्यक या शाखांमधील अभ्यासाचा विषय आहे. एकटेपणा कमी होणे, दिनक्रमाला नियमितपणा येणे, चालण्याचा व्यायाम घडणे आणि शेजारपाजाऱ्यांशी बोलणे वाढणे हे या सहवासाचे प्रमुख लाभ मानले जातात. हृदयविकार आणि आयुर्मान यांवरील परिणामांविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. प्राणी पाळल्यामुळे माणूस निरोगी राहतो, की मुळात धडधाकट असलेली माणसेच प्राणी पाळतात, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय.

भारतात ६० वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस कायद्याने ज्येष्ठ नागरिक मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अशा व्यक्ती १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ८.६ टक्के होत्या. २०५० पर्यंत हे प्रमाण लोकसंख्येच्या एक पंचमांशाच्या पुढे जाईल असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. मुले परगावी किंवा परदेशी स्थायिक झाल्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा प्रश्न पुणे-मुंबईसारख्या शहरांत आता घरोघरी परिचयाचा झाला असून, त्या संदर्भात पाळीव प्राण्यांच्या सोबतीची चर्चा होऊ लागली आहे.

पार्श्वभूमी

वार्धक्य आणि प्राण्याची सोबत यांचा संबंध भारतीय परंपरेला नवा नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात राज्यत्याग करून हिमालयाकडे निघालेल्या वृद्ध पांडवांमागे एक कुत्रा चालू लागतो. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत कोसळल्यावर तो एकटाच युधिष्ठिराच्या सोबतीस उरतो, आणि त्याला मागे टाकून स्वर्गात येण्यास युधिष्ठिर नकार देतो. महाराष्ट्रात दत्तात्रेयाच्या प्रतिमेत चार कुत्रे दाखवले जातात. खंडोबाच्या उपासनेतही कुत्र्याला मानाचे स्थान आहे.

असे असले तरी केवळ सोबतीसाठी प्राणी पाळण्याची कल्पना सामान्य शेतकरी कुटुंबात फारशी रूढ नव्हती. कुत्रा राखणीसाठी, मांजर उंदरांसाठी आणि गाय-म्हैस दुभत्यासाठी असे. घरातील म्हाताऱ्या माणसाकडून नांगरट-खुरपणी होईनाशी झाली, की शेळ्या बांधावर चारून आणणे, कोंबड्या खुराड्यात कोंडणे, वासराला पाणी पाजणे ही कामे त्याच्याकडे येत आणि बहुतेक वेळा अखेरपर्यंत राहत. ग्रामीण वृद्धांचे प्राण्यांशी असलेले हे नाते ‘पाळीव प्राणी’ या शहरी संज्ञेत नीट बसत नाही. पाश्चात्त्य संशोधनाचे निष्कर्ष भारताला लावताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

युरोपात इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये सुरू केलेल्या मनोरुग्णांच्या आश्रमात ससे, कोंबड्या असे लहान प्राणी ठेवलेले असत. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना लहान पाळीव प्राण्याची सोबत हितकर ठरते, असे निरीक्षण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नोंदवले आहे. विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी मुलांवरील उपचारांत आपल्या जिंगल्स या कुत्र्याची मदत घेतली आणि १९६० च्या दशकात त्याविषयी लेखन केले. त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेची सुरुवातीला थट्टा केली, असे सांगितले जाते. १९७० च्या दशकात सॅम्युएल आणि एलिझाबेथ कॉर्सन या दांपत्याने ओहायो राज्यात मनोरुग्णालयातील आणि पुढे वृद्धाश्रमातील रहिवाशांसाठी कुत्र्यांचा असाच उपयोग करून पाहिला.

दिनक्रम आणि एकटेपणा

केवळ वृद्धांना केंद्रस्थानी ठेवून झालेल्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक रॉजर मगफर्ड आणि एम्कॉमिस्की यांनी इंग्लंडमध्ये केला. तो १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्या काही निवृत्तिवेतनधारकांना बजरीगर हा लहान पक्षी आणि इतर काहींना बेगोनियाचे रोप देण्यात आले. कालांतराने पक्षी मिळालेल्यांचा इतरांकडे आणि स्वतःकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक सुधारलेला आढळला. प्रयोगातील माणसे अगदी थोडी होती, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. तरीही कुत्र्यामांजराइतका मोठा प्राणी नसला, तरी परिणाम घडू शकतो, याची ही लवकरची खूण होती. दक्षिण कोरियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर ६५ वर्षांवरील वृद्धांना पिंजऱ्यात पाच-पाच रातकिडे सांभाळायला दिले होते. आठ आठवड्यांनंतर त्यांच्यातील नैराश्याची लक्षणे काहीशी कमी झाल्याचे दिसले. भारतीय वाचकाला ही गोष्ट गमतीची वाटेल; पूर्व आशियात गाणारे किडे पाळण्याची परंपरा जुनी आहे.

अमेरिकेत जुडिथ सीगल यांनी मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेतील ९३८ वृद्धांची वर्षभर पाहणी केली (१९९०). प्राणी पाळणाऱ्यांनी डॉक्टरांकडे कमी फेऱ्या मारल्याचे तीत आढळले. विशेष म्हणजे आप्ताचा मृत्यू, आजारपण अशा आघातांच्या काळातही कुत्रा पाळणाऱ्यांच्या डॉक्टरांकडील फेऱ्या इतरांइतक्या वाढल्या नाहीत. कॅनडात परमिंदर रैना आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अंघोळ, कपडे घालणे, चालणे-फिरणे या रोजच्या क्रिया स्वतःच्या स्वतः करण्याची क्षमता प्राणी पाळणाऱ्या वृद्धांमध्ये एका वर्षात इतरांपेक्षा कमी प्रमाणात घटली.

याची कारणे शोधणे फारसे अवघड नाही. निवृत्तीनंतर घड्याळाचा धाक संपतो. जोडीदार गेल्यावर स्वयंपाकसुद्धा ‘एकट्यासाठी कशाला’ म्हणून टळू लागतो. प्राणी ही टाळाटाळ चालू देत नाही. सकाळी सहाला कुत्र्याला बाहेर न्यावेच लागते, मांजर ताटाभोवती घोटाळते, पक्ष्याचे पाणी बदलावे लागते. त्यांचे करता करता माणसाचे स्वतःचे उठणे, जेवणे आणि फिरणे मार्गी लागते. पट्टा धरून चाललेल्या वृद्धाशी अनोळखी माणसे आणि मुले आपणहून बोलतात, हा कोणत्याही सोसायटीच्या आवारात पडताळून पाहता येण्याजोगा अनुभव आहे. प्राण्याला कुरवाळताना रक्तदाब उतरतो आणि ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. जपानमधील मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या संशोधनात कुत्रा आणि त्याचा मालक यांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिल्यावर दोघांच्याही शरीरात हे संप्रेरक वाढल्याचे आढळले.

हृदयविकारविषयक अभ्यास

या विषयाकडे वैद्यकक्षेत्राचे लक्ष वेधले ते एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांच्या १९८० मधील शोधनिबंधाने. हृदयविकारामुळे अतिदक्षता विभागात राहून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा त्यांनी वर्षभर मागोवा घेतला. प्राणी पाळणाऱ्या ५३ रुग्णांपैकी ३ जण वर्षाच्या आत दगावले. प्राणी नसलेल्या ३९ जणांत ही संख्या ११ होती. कुत्रा फिरवण्याच्या व्यायामामुळे हे घडले असावे, अशी पहिली शंका आली. परंतु कुत्र्याव्यतिरिक्त इतर प्राणी पाळणाऱ्यांतही फरक टिकून होता. १९९५ मध्ये फ्रीडमन आणि स्यू थॉमस यांनी ३६९ रुग्णांवर पुन्हा अभ्यास केला. त्यात कुत्रा पाळणाऱ्या ८७ जणांपैकी एकाचा, तर कुत्रा नसलेल्या २८२ जणांपैकी १९ जणांचा वर्षभरात मृत्यू झाला. मांजर पाळणाऱ्यांना असा लाभ या वेळी दिसला नाही.

स्वीडनमध्ये २००१ पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे आणि तेथील आरोग्यविषयक नोंदीही काटेकोर असतात. या दोन्हींची सांगड घालून ४० ते ८० वयोगटातील ३४ लाखांहून अधिक लोकांचा सुमारे बारा वर्षांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्या मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्या एकट्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. कुटुंबात राहणाऱ्यांमध्ये हा फरक बराच कमी होता. घरात दुसरे माणूस नाही तेथे कुत्र्याचे असणे अधिक मोलाचे ठरते, एवढे या आकड्यांवरून म्हणता येते.

उलट निष्कर्षही आहेत, आणि लोकप्रिय लेखांत ते सहसा वगळले जातात. ऑस्ट्रेलियातील ६० ते ६४ वर्षे वयाच्या २,५५१ व्यक्तींच्या पाहणीत (२००५) प्राणी पाळणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आणि वेदनाशामक औषधांचा वापर किंचित अधिक आढळला. त्याच देशातील हृदयरुग्णांच्या २०१० मधील एका अभ्यासात प्राणी पाळणाऱ्यांना, विशेषतः मांजर पाळणाऱ्यांना, पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची किंवा मृत्यूची शक्यता अधिक दिसली. वरील बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. चिठ्ठ्या टाकून काही वृद्धांना कुत्रा देणे आणि काहींना नाकारणे व्यवहारात अवघड असल्याने कार्यकारणभाव सिद्ध करणे कठीण जाते. ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याच्याकडे थोडे पैसे आणि अंगण आहे, तोच कुत्रा पाळतो. त्याचे आरोग्य चांगले असण्याचे श्रेय कुत्र्याला किती द्यावे, हे ठरवता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये घेतलेली भूमिका या दृष्टीने समतोल म्हणता येईल. प्राणी, विशेषतः कुत्रा, पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असावा. पण केवळ त्या हेतूने प्राणी घरी आणू नये, असे या संस्थेने म्हटले आहे.

वृद्धाश्रमांतील प्रयोग

न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन या लहान गावातील चेस मेमोरियल या शुश्रूषागृहात बिल थॉमस या तरुण डॉक्टरने १९९१ मध्ये केलेला प्रयोग या क्षेत्रात सर्वांत प्रसिद्ध आहे. कंटाळा, एकटेपणा आणि असहायता हे वृद्धाश्रमांतील तीन खरे रोग आहेत, असे थॉमस यांचे मत होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एकदम दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणण्याची परवानगी मिळवली. पक्षी पिंजऱ्यांच्या आधीच येऊन पोहोचले आणि त्यांना तात्पुरते तळमजल्यावरील केशकर्तनाच्या खोलीत मोकळे सोडावे लागले. पुढे ससे, कोंबड्या, भाजीचा मळा आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांचा वावर यांचीही भर पडली. गप्पगप्प राहणारे काही रहिवासी बोलू लागले. अंथरूण न सोडणारे काही जण कुत्र्याला फिरवून आणण्याची तयारी दाखवू लागले. जवळच्या दुसऱ्या शुश्रूषागृहाशी तुलना करता येथील औषधांचा वापर निम्म्यावर आला आणि मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. या प्रयोगातून ‘ईडन ऑल्टरनेटिव्ह’ ही चळवळ उभी राहिली.

थॉमस यांची हकिकत जगभर पोहोचवली ती शल्यविशारद आणि लेखक अतुल गवांदे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) या पुस्तकात. गवांदे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. त्याच पुस्तकात त्यांनी आपले आजोबा सीताराम गवांदे यांच्याविषयी लिहिले आहे. शंभरी उलटल्यावरही हे आजोबा रोज रात्री घोड्यावर बसून आपल्या शेतांची फेरी मारत. पडण्याची भीती असूनही कुटुंबाने त्यांचा घोडा काढून घेतला नाही; लहान चणीचा घोडा आणून दिला आणि सोबत कोणी ना कोणी राहील अशी व्यवस्था केली. घोडा हा काही लाडाचा प्राणी नव्हे. तरी वृद्ध माणसाचे काम, त्याचा प्राणी आणि त्याला सांभाळून घेणारी माणसे यांचा मेळ कसा घालता येतो, याचे हे वैदर्भीय उदाहरण न्यू बर्लिनच्या प्रयोगाइतकेच बोलके आहे.

लाभ प्राण्यापासून मिळतो की जबाबदारीपासून, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात काही रहिवाशांना एक रोप देऊन त्याची निगा त्यांच्यावर सोपवली आणि दैनंदिन बाबींत निर्णयाची मुभा दिली. इतरांच्या रोपांना परिचारिका पाणी घालत. पहिल्या गटातील रहिवासी अधिक उत्साही आणि सावध आढळले. यावरून पाहता केवळ कोणी तरी प्राणी आणून दाखवून नेणे आणि ‘हा माझ्यावर अवलंबून आहे’ ही जाणीव असणे, यांत फरक करायला हवा. वृद्धाश्रमांना प्रशिक्षित कुत्र्यांच्या साप्ताहिक भेटी घडवून आणण्याचे उपक्रम पहिल्या प्रकारात मोडतात.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना जबाबदारी सोपवता येत नाही. पण प्राण्यांचे नुसते दर्शनही त्यांना उपयोगी ठरल्याचे आढळले आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी अल्झायमरच्या ६२ रुग्णांच्या भोजनगृहांत माशांची काचपेटी ठेवली (२००२). एरवी जेवणाच्या टेबलावरून उठून भटकणारे रुग्ण मासे पाहत बसून राहू लागले, त्यांचे खाणे सुमारे एक पंचमांशाने वाढले आणि वजनही थोडे वाढले. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी सीलच्या पिल्लासारखा दिसणारा ‘पारो’ हा यंत्रमानव अशाच रुग्णांसाठी तयार केला. सील निवडण्याचे कारण असे, की कुत्र्यामांजराशी प्रत्येकाचा परिचय असल्याने त्यांची नक्कल चटकन उघडी पडते. सीलबाबत तुलनेला जागा नसते. यंत्राला माया लावण्यात वृद्धांची एक प्रकारे फसवणूक होते, असा आक्षेप या प्रकल्पांवर घेतला जातो.

धोके

वृद्धांच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका चावण्याचा नसून पडण्याचा आहे. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी झालेल्यांची संख्या वर्षाला सरासरी ८६,६२९ होती आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये दुखापतींचे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच देशात कुत्रा फिरवताना हाड मोडून आपत्कालीन विभागात आलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींची वार्षिक संख्या २००४ मध्ये १,६७१ होती, ती २०१७ मध्ये ४,३९६ झाली. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण लक्षणीय होते. म्हातारपणी खुबा मोडणे म्हणजे काय, हे घरात असा रुग्ण सांभाळलेल्यांना सांगायला नको. ओढ घेणारा दणकट कुत्रा, पायात घोटाळणारे मांजर आणि गुळगुळीत फरशीवर सांडलेले पाणी ही पडण्याची नेहमीची कारणे होत.

भारतात रेबीजचा विचार टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार या रोगाने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून घरच्या कुत्र्या-मांजराचे दरवर्षी लसीकरण, आणि चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. सातत्याने लसीकरण केल्यास काय साधते हे गोव्याने दाखवले आहे; २०२१ मध्ये ते देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. याखेरीज गजकर्ण, जंत, गोचिडांमुळे होणारे ताप आणि पक्ष्यांपासून होणारा फुप्फुसाचा सिटॅकोसिस हा संसर्ग यांची शक्यता असते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींनी प्राण्याची विष्ठा साफ करणे टाळावे, असा सल्ला दिला जातो.

प्राण्याची निवड आणि कायदा

सत्तरीतील व्यक्तीला वाढदिवसाला कुत्र्याचे पिल्लू भेट देणे ही हौस बहुधा देणाऱ्याची असते. पिल्लाला पहिले वर्षभर शिस्त लावावी लागते आणि कुत्रा साधारणपणे दहा ते तेरा वर्षे जगतो. त्यापेक्षा शांत स्वभावाचा, वयाने प्रौढ झालेला कुत्रा किंवा मांजर निवारागृहातून दत्तक घेणे अधिक सोयीचे ठरते. गुडघेदुखी असलेल्यांना मांजर, मासे किंवा लहान पक्षी सांभाळणे जमते.

एकेकाळी अनेक मराठी घरांच्या ओसरीवर टांगलेला राघू आता पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे व पाळणे गुन्हा आहे. तारांकित कासवालाही हेच संरक्षण आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातील बजरीगर या बंदीत येत नाही. मुंबई, पुणे अशा शहरांत कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो. गृहनिर्माण संस्थांना बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही किंवा त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने लिफ्टचा मुद्दा किरकोळ नाही. फ्रान्समध्ये घरमालकाला भाडेकरूवर अशी बंदी घालण्यास १९७० पासून कायद्याने मनाई आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने बांधलेल्या वृद्धांच्या वसाहतींत प्राणी ठेवण्याचा हक्क १९८३ च्या कायद्याने मिळाला.

मालकाच्या पश्चात

आपल्यामागे प्राण्याचे काय होईल, ही चिंता वृद्धांना प्राणी पाळण्यापासून परावृत्त करणारे एक मोठे कारण आहे. त्याच चिंतेपोटी काही जण रुग्णालयात दाखल होणे किंवा शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात. वृद्धाश्रमात जाताना प्राणी मागे ठेवावा लागला, तर ते दुःख आप्तवियोगासारखे असते, पण आसपासचे लोक ते तितक्या गांभीर्याने घेत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये स्थापन झालेला ‘सिनॅमन ट्रस्ट’ केवळ याच प्रश्नावर काम करतो. त्याचे स्वयंसेवक आजारी वृद्धांचे कुत्रे फिरवतात, मालक रुग्णालयात असताना प्राणी सांभाळतात आणि मालकाच्या मृत्यूनंतर प्राण्याला आश्रय देतात. भारतात हे काम आजही प्रामुख्याने शेजारी, मोलकरीण आणि स्थानिक प्राणिमित्र यांच्या भरवशावर चालते.

भारतीय कायद्यात प्राणी ही मालमत्ता समजली जाते. त्यामुळे त्याच्या नावे थेट पैसे ठेवता येत नाहीत; परंतु प्राणी कोणी सांभाळावा हे मृत्युपत्रात नमूद करून त्या व्यक्तीसाठी किंवा न्यासामार्फत खर्चाची तरतूद करता येते. उद्योगपती रतन टाटा यांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी मुंबईत निधन झाले. त्यांच्या पुढाकाराने टाटा समूहाच्या बॉम्बे हाउस या मुख्यालयात २०१८ मध्ये रस्त्यावरील कुत्र्यांसाठी स्वतंत्र जागा करण्यात आली होती आणि महालक्ष्मी येथील लहान प्राण्यांचे रुग्णालय त्यांच्या निधनाच्या काही महिने आधी सुरू झाले होते. आपल्या टिटो या जर्मन शेफर्ड कुत्र्याची आयुष्यभर निगा राखली जावी, यासाठी त्यांनी मृत्युपत्रात तरतूद केल्याचे आणि त्याचा सांभाळ घरच्या जुन्या स्वयंपाक्याकडे सोपवल्याचे वृत्त त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.